आधी खुर्ची उलटी करा : ईम्सचं जुनं फर्निचर जमवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

ओळखीपाळखीतलं कुणी ईम्सची जुनी खुर्ची घ्यायला निघालं की मला फोटो येतात. त्यात रंग दिसतो, पाठीचा बाक दिसतो, शेजारची कुंडीसुद्धा दिसते. मला हवा असतो तो बुडाचा फोटो, आणि नेमका तोच कुणी काढलेला नसतो.

माझे वडील सांगलीत फर्निचर दुरुस्त करायचे. दारात कुठलीही खुर्ची आली की ते तिच्यावर बसायचे नाहीत. आधी ती उलटी करून सतरंजीवर ठेवायचे आणि प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवायचे. गेली सोळा वर्षं मी मिशिगनमध्ये ईम्सचं फर्निचर बघते, घेते, दुरुस्त करते. वडिलांच्या त्या पद्धतीपेक्षा चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. म्हणून हा लेख बराचसा खुर्चीच्या खालच्या बाजूबद्दल आहे.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. चार्ल्स ईम्स (१९०७–१९७८) आणि रे ईम्स (१९१२–१९८८) हे नवरा-बायको. 'चार्ल्स आणि रे' वाचून पुष्कळांना ते दोघे भाऊ वाटतात. रे मुळात चित्रकार होती आणि या घराण्यातल्या वस्तूंवर तिचा हात चार्ल्सइतकाच आहे. १९४० मध्ये डेट्रॉइटजवळच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत त्यांची भेट झाली, पुढच्याच वर्षी लग्न करून ते लॉस एंजेलिसला गेले आणि राहत्या फ्लॅटमध्ये स्वतः जोडलेल्या यंत्रावर प्लायवूडला दुहेरी बाक द्यायला शिकले. महायुद्धात अमेरिकी नौदलाने त्यांच्याकडून जखमी सैनिकांच्या पायांसाठी प्लायवूडचे स्प्लिंट बनवून घेतले, सुमारे दीड लाख. त्यातून बसलेला हात युद्धानंतर खुर्च्यांना लागला. १९४६ पासून त्यांचं फर्निचर मिशिगनमधल्या झीलंड गावची हर्मन मिलर कंपनी विकू लागली. आजही तीच बनवते. युरोपात हे काम व्हिट्राकडे आहे. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे सारखी लागतील.

आपल्याशी त्यांचा एक खरा धागा आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून हे दोघे देशभर फिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहून दिला. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावून लिहिलंय ते आपल्या साध्या लोट्याबद्दल. त्यात पाणी किती मावेल, डोक्यावर किंवा कमरेवर तो कसा बसेल, भरलेला असताना तोल कसा राहील, हाताला कसा लागेल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारलेत. खुर्ची तपासायला जाण्याआधी तेवढं एक पान वाचून जा. कुठे बघायचं ते त्यातून कळतं.

पहिली पायरी : नुसतं बसून या

पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. हर्मन मिलरच्या दुकानात जाऊन नव्या खुर्च्यांवर बसा. ऑफिसात, विमानतळावर, ग्रंथालयात दिसतील तिथे बसा. शिकागोच्या ओहेअर विमानतळासाठी १९६२ मध्ये त्यांनी केलेली जोडबाकं आजही जगभरच्या विमानतळांवर आहेत. खरी वस्तू हाताखालून गेलेली असली की खोटी पटकन खटकते. बसून झालं की वाकून खाली बघा, सांधे कसे आहेत ते. दुकानदार काही म्हणत नाहीत, मी विचारूनच बघते.

दुसरी पायरी : तीन अक्षरांची भाषा

ईम्स जमवणारे लोक डीएसआर, एलसीडब्ल्यू, आरएआर असं काहीतरी बोलतात आणि नवा माणूस बिचकतो. कोडं सोपं आहे. पहिलं अक्षर वापराचं : डी म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची, एल म्हणजे आरामात बसायची बुटकी खुर्ची, आर म्हणजे डोलखुर्ची. मधलं अक्षर बैठकीचं : ए म्हणजे हातांची, एस म्हणजे बिनहातांची, आणि प्लायवूडच्या खुर्च्यांत सी म्हणजे नुसतं 'चेअर'. शेवटचं अक्षर पायांचं : आर म्हणजे सळ्यांचे, डब्ल्यू म्हणजे लाकडाचे, एम म्हणजे धातूचे, एक्स म्हणजे फुलीच्या आकाराचे. तेव्हा आरएआर ही सळ्यांच्या पायांवरची, हात असलेली डोलखुर्ची. हर्मन मिलरमध्ये कर्मचाऱ्याला मूल झालं की कंपनी ही खुर्ची भेट द्यायची, असं कित्येक वर्षं चालू होतं. इथल्या जुन्या घरांमधून ती निघते तेव्हा तिच्यामागे बरेचदा अशी बाळंतपणाची गोष्ट असते.

तिसरी पायरी : सुरुवात फायबरग्लासच्या शेलपासून

पहिली खरेदी कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर पक्कं आहे : फायबरग्लासची बिनहातांची शेल खुर्ची. ती लाखांनी बनली, शाळा-कॉलेजांत आणि कचेऱ्यांत वापरली गेली, त्यामुळे अजून सापडते आणि काही शे डॉलरांत मिळते. चूक झालीच तर परवडते. आणि या एका खुर्चीत ईम्सच्या सगळ्या युक्त्या शिकायला मिळतात.

ही खुर्ची १९५० मध्ये बाजारात आली, आधी हातांची आणि मागून बिनहातांची. अख्खी बैठक प्लास्टिकच्या एकाच कवचाची, वर गादी-कापड काही नाही, असं घरगुती फर्निचरात तोवर झालेलं नव्हतं. पहिले शेल कॅलिफोर्नियातल्या झेनिथ प्लास्टिक्सने बनवले. ते ओळखायला दोन बोटं पुरतात. शेलच्या कडेखालून बोटं फिरवा. आत दोरी पुरल्यासारखी गोल जाडी लागली तर तो पहिल्या काही वर्षांतला, 'रोप एज' म्हणतात तो. त्याच्या बुडाशी रबराच्या चकत्याही मोठ्या असतात आणि नशीब असेल तर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींचं लेबल टिकलेलं असतं. सुरुवातीचे रंग तीनच होते : राखाडी छटेचा मातकट, हत्तीच्या कातडीचा गडद राखाडी आणि चर्मपत्रासारखा पिवळसर पांढरा. बाकीचे रंग मागून आले.

आता खुर्ची खिडकीपाशी न्या आणि उजेडासमोर धरा. खऱ्या जुन्या शेलमध्ये काचेचे धागे दिसतात. ताटात शेवया पसरून ठेवाव्यात तसे आडवेतिडवे, कुठे दाट, कुठे विरळ. चर्मपत्र रंगात ते सगळ्यात सुंदर दिसतात. दुपारी ऊन मागून आलं की अख्खी पाठ मधासारखी उजळते. हे धागे रंगवून किंवा छापून आणता येत नाहीत. धागे नाहीत म्हणजे मात्र लगेच नक्कल ठरवू नका. पुढे कंपनीने फायबरग्लास बंद करून पॉलिप्रोपिलीनचे शेल आणले, तेही अस्सलच आहेत. २०१३ मध्ये हर्मन मिलरने नव्या प्रक्रियेने फायबरग्लास परत आणलं, त्यातही धागे आहेत. म्हणून वय ठरवताना एकट्या धाग्यांवर विसंबू नका, खुर्ची उलटी करा.

बुडाशी चार ठिकाणी रबराच्या जाड चकत्या चिकटवलेल्या असतात. यांना शॉक माउंट म्हणतात. चकतीची एक बाजू शेलला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला आत बसवलेल्या नटमध्ये पायांचा स्क्रू जातो. रबर लाकडाला किंवा प्लास्टिकला पक्कं चिकटवायची ही कल्पना मोटारींच्या जगातली आहे, डेट्रॉइटच्या क्रायस्लर कंपनीने ती पद्धत काढली होती. बसल्यावर खुर्ची अंगाबरोबर जरा लवते ती या रबरामुळे. आणि म्हातारपणही पहिलं याच रबराला येतं. दोनतीन दशकांत ते कडक होतं, चिरा पडतात, मग एखाद्या दिवशी चकती सुटते.

पाय एका हाताने धरून दुसऱ्या हाताने शेल हलकेच आडवा ढकला. चारही चकत्या सारख्या दबल्या पाहिजेत. एखादीच्या कडेला केसाएवढी फट उघडली तर ती सुटायच्या बेतात आहे. सुटलेली चकती हा काही मोठा दोष नाही, नवीन चकत्या मिळतात आणि इपॉक्सीने बसवता येतात. खरा दोष म्हणजे शेलला पाडलेलं भोक. चकती सुटली म्हणून कुणीतरी ड्रिल घेऊन आरपार बोल्ट मारलेला असतो, आणि बसायच्या जागी त्याची टोपी चमकत असते. ती खुर्ची घरात वापरायला घ्या, संग्रहाला घेऊ नका.

त्यानंतर चकत्यांच्या भोवती शेलला तारांगणासारख्या बारीक भेगा आहेत का ते बघा. हर्मन मिलरचा उठावाचा शिक्का बघा, काहींवर शेल पाडणाऱ्या कंत्राटदाराची खूणही असते. पाय मूळचे आहेत का हे विचारा. जुन्या शेलला नवे पाय लावून विकणं सर्रास चालतं. त्यात गैर काही नाही, पण सांगितलं पाहिजे आणि किंमत उतरली पाहिजे. स्वतः पाय बदलणार असाल तर चकत्यांमधलं अंतर मोजून घ्या, कारण बिनहातांच्या शेलमध्ये रुंद आणि अरुंद अशी दोन मापं आहेत आणि एकाचे पाय दुसऱ्याला बसत नाहीत.

रेक्झिन किंवा कापड लावलेले शेल स्वस्त मिळतात. ते सोलून आतला नागडा शेल काढू, असा मोह होतो. फोमचा चिकट थर निघता निघत नाही आणि मूळचं चांगलं कापड वाया जातं. असा शेल कापडासकट आवडला तरच घ्या.

चौथी पायरी : वाकवलेलं प्लायवूड

एलसीडब्ल्यू, डीसीडब्ल्यू, एलसीएम, डीसीएम या चार बहिणी. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये शतकातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून निवडली ती यातली एलसीडब्ल्यू. १९४९ पर्यंतचा माल इव्हान्स प्रॉडक्ट्स या कंपनीने बनवला, त्यामुळे लेबलावर इव्हान्स आणि हर्मन मिलर ही दोन्ही नावं असली तर ती पहिल्या वर्षांतली. पूर्ण लाकडाच्या दोघी १९५० च्या दशकातच बंद झाल्या आणि १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाल्या. मधली पस्तीस-चाळीस वर्षं त्या बनल्याच नाहीत. तेव्हा कुणी सत्तर सालची एलसीडब्ल्यू म्हणून विकत असेल तर नम्रपणे निघून या.

यांच्या बैठकीवर आणि पाठीवर पुढून एकही स्क्रू दिसत नाही. दिसला तर कुणीतरी भोक पाडलंय. लाकूड अक्रोड, अॅश, बर्च असं असतं. लाल आणि काळ्या रंगात रंगवलेल्याही आहेत, त्यावर पुन्हा रंग चढवला की किंमत जाते. व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, कडेला उचललंय का ते नखाने बघा.

पाचवी पायरी : लाउंज चेअर, घाई न करता

सगळ्यांना शेवटी हवी असते ती हीच : १९५६ ची लाउंज चेअर, क्रमांक ६७०, आणि तिचा पायटेकू, क्रमांक ६७१. चार्ल्सला ती बेसबॉल खेळाडूच्या वापरून मऊ झालेल्या हातमोज्यासारखी दिसायला हवी होती, आणि चांगली वापरलेली खुर्ची खरंच तशी दिसते. जुनी असो वा नवी, भाव हजारो डॉलरांत. म्हणून दोन-चार शेल खुर्च्या हाताखालून गेल्याशिवाय हिच्या वाटेला जाऊ नका.

मी गेले होते. तिसऱ्याच वर्षी, एका छोट्या गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, रोझवुडची खुर्ची. काळं कातडं जरा फाटलेलं, लाकूड मात्र असं की हात फिरवत राहावं. दुकानात अंधार होता आणि बाहेर बर्फ पडत होता. मी बसले, उठले, पैसे दिले. घरी आणल्यावर हातांच्या गाद्या सोडवल्या तेव्हा खाली लाकडाच्या रंगाची लांबी (पुट्टी) भरलेली दिसली, रुपयाच्या नाण्याएवढी. नखाने खरवडली तर आत बोल्टचं डोकं. शॉक माउंट तुटताना प्लायवूडचा टवका घेऊन निघाला होता, आणि कुणीतरी शेलमधून आरपार बोल्ट मारून वर लांबी फासली होती. मी वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, उलटी केली नव्हतीस का.

या खुर्चीत हा सांधा जिवाचा आहे. मागे रेललेल्या माणसाचा सगळा भार हातांखालच्या दोन शॉक माउंटवर येतो. जुनं रबर अचानक तुटतं आणि बसलेला माणूस पाठीसकट मागे जातो. म्हणून विकणाऱ्याकडे पेचकस मागा आणि हात सोडवून बघू द्या म्हणा. प्रामाणिक विक्रेता बघू देतो. बघू देत नसेल तर तेच उत्तर समजा. शॉक माउंट कधी बदलले ते विचारा, आणि कधीच बदलले नसतील तर बसायच्या आधी जाणत्या कारागिराकडून बदलून घ्या. तो खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.

वय ओळखायच्या काही खुणा. लाकडी कवचाच्या कडेवरचे थर मोजा : जुन्या हर्मन मिलर खुर्चीत पाच, हल्लीच्या खुर्चीत सात. हातांखाली तीन स्क्रू असतील तर ती पहिल्या काही वर्षांतली, नंतर दोन झाले. गाद्यांत आधी पिसं भरत, पुढे फोम आला. गादी दाबून सोडा : पिसांची हळूहळू फुगते, फोमची लगेच. बैठकीची गादी आणि पायटेकूची गादी एकाच मापाची असते, त्यामुळे घरोघरी लोक त्या अदलून-बदलून वापरत आलेत. एकीचं कातडं जास्त झिजलेलं दिसलं तर घाबरू नका.

सहावी पायरी : नक्कल कुठली, अस्सल कुठली

लाउंज चेअरची नक्कल ती निघाल्यापासून होते आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतच प्लायक्राफ्टसारख्या कंपन्यांनी तिच्यासारख्या दिसणाऱ्या खुर्च्या काढल्या. आज त्याही जुन्या झाल्यात, त्यामुळे 'विंटेज ईम्स' म्हणून खपवल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण त्या वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या खुर्च्या आहेत. खुर्चीचा पाय पाच फाट्यांचा आणि पायटेकूचा चार फाट्यांचा असला पाहिजे. खुर्ची गोल फिरते, पण पाठ मागे झुकवायची सोय तिच्यात नाही, कल कायमचा ठरलेला आहे. कळ दाबून मागे जाणारी दिसली की प्रश्न मिटला. पाठीच्या लाकडावर बाहेरून स्क्रूची डोकी दिसता कामा नयेत.

मुंबई-पुण्यातल्या कॅफेंमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या, लाकडी काड्यांच्या पायांच्या खुर्च्या जवळजवळ सगळ्या नकला असतात, आणि ऑफिसातल्या आडव्या शिवणीच्या कातडी खुर्च्या ईम्सच्या १९५८ च्या 'अॅल्युमिनियम ग्रुप' या खुर्च्यांच्या मालिकेच्या नकला. भारतात अस्सल जुनी वस्तू हवी असेल तर विक्रेत्याकडे ती कुठून, कुणाच्या घरातून किंवा कचेरीतून आली ते लेखी मागा. 'ईम्स स्टाइल' हे शब्द पावतीवर असतील तर ती ईम्स नाही.

सातवी पायरी : कुठे घ्यायची, किती द्यायचे

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे इस्टेट सेल. कुणाचं घर आवरायचं असतं, तीन दिवस दारं उघडी असतात. चांगली वस्तू हवी तर पहिल्या दिवशी पहाटे रांगेत, भाव हवा तर शेवटच्या दिवशी, तेव्हा बरंच काही निम्म्यावर येतं. तिथे जाताना टॉर्च, टेप आणि पेचकस खिशात ठेवा आणि बोलणं मऊ ठेवा, कारण पलीकडे बहुधा आईवडिलांचं घर रिकामं करणारी मुलं असतात. विद्यापीठांची जुना माल काढणारी दुकानंही सोडू नका. माझ्या सहा शेल खुर्च्या तिथूनच आल्या, एका वर्गातून निघालेल्या, खाली च्युइंगम चिकटलेल्या.

किंमत ठरवताना लोक मागतात ते आकडे बघू नका, वस्तू विकली गेली ते बघा. शिकागोच्या राइटसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल इंटरनेटवर उघडे आहेत. त्याच मॉडेलचे, त्याच लाकडाचे, त्याच अवस्थेतले चार-पाच निकाल काढले की अंदाज येतो. लिलावात बोली लावणार असाल तर बोलीच्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन वेगळं लागतं, बरेचदा पाव हिस्स्याच्या आसपास. त्यावर वाहतूक.

रोझवुडबद्दल सावध. १९९० च्या सुमारापर्यंतच्या लाउंज चेअर ब्राझिलियन रोझवुडच्या असू शकतात. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं, आणि १९९२ पासून ते साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. अशी खुर्ची देशाच्या सीमेपलीकडे न्यायची तर परवाना लागतो, घरसामानात टाकली तरीही. कायमचं भारतात परतायचं ठरवलेल्या कुटुंबांनी कंटेनर भरण्याच्या कितीतरी आधी याची चौकशी करावी. अक्रोडाच्या खुर्चीला ही अडचण नाही.

आठवी पायरी : घरी आणल्यावर

फायबरग्लास आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, मऊ कापडाने. खरखरीत घासणी नको. बोट फिरवल्यावर खाज सुटली तर वरचं रेझिन झिजून काचेचे धागे उघडे पडलेत. तेव्हा मास्क आणि हातमोजे घालून, पाण्यात भिजवलेल्या अगदी बारीक पॉलिश पेपरने हलका हात फिरवायचा, कोरडं कधीच घासायचं नाही. वाळल्यावर पेनेट्रॉल नावाचं तेलकट द्रव्य चिंधीने पातळ लावायचं, जास्तीचं पुसायचं, एक दिवस वाळू द्यायचं. विटलेला रंग वर येतो, पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. त्या तेलकट चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणात पसरून वाळवा.

प्लायवूड आणि लाउंज चेअर खिडकीच्या थेट उन्हात आणि हीटरजवळ ठेवू नका. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की व्हिनियर कडेला उचलतं.

आणि लेबल. फाटलं असेल, अर्धं असेल, चिकटपट्टीचे डाग असतील, तरी काढू नका, पुसू नका. त्याचा, बुडाचा, चारही शॉक माउंटचा फोटो काढा, पावती आणि खुर्ची ज्या घरातून आली त्याची दोन ओळींची नोंद यांच्यासोबत एका पाकिटात घाला, आणि पाकिटावर खुर्चीची तीन अक्षरं लिहा. माझ्याकडे अशी एकोणीस पाकिटं आहेत. त्यातल्या एकावर लिहिलंय : आरएआर, तिसऱ्या मुलासाठी कंपनीकडून, त्याच मुलाकडून घेतली.